अंगणातलं गवत आणि रोबोट: खान्देशात हे मशीन चालतं का, आणि चालवायचं तर कसं

आमच्या जळगावात ‘लॉन’ म्हटलं की लोकांना आधी लग्न आठवतं. लॉनवाल्याचा म्हणून कुणीतरी दिलेल्या नंबरवर मी फोन लावला, "लॉनचं काम आहे" म्हटलं, तर पलीकडून विचारणा झाली, "किती पानं आहेत ताई?" म्हणून आधीच सांगते, हा लेख घराभोवतीच्या गवताबद्दल आहे, आणि ते गवत आपलं आपण कापत फिरणाऱ्या मशीनबद्दल. आमच्याकडे ते दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढून झालं आहे. माळीकाकांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून विचारलं होतं, "हाई काय शे भो?" तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगता येईल.

निकाल आधीच देते, म्हणजे ज्यांना नको आहे त्यांचा वेळ वाचेल. गवत एक गुंठ्याच्या आत असेल तर हे मशीन घेऊ नका. दोन गुंठ्यांच्या पुढे असेल, जागा सपाट असेल, कंपाउंडला फाटक असेल आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय असेल, तरच पुढे वाचा. आपल्याकडे मशीन बिघडतं त्यापेक्षा जमीन आणि ऊन त्याला जास्त छळतात, आणि विक्रेत्याच्या पत्रकात या दोघांचं नाव नसतं.

मशीन काय करतं, काय करत नाही

दिसायला ते मोठ्या कासवासारखं. पोटाखाली एक फिरती तबकडी असते आणि तिला दाढीच्या ब्लेडएवढी तीन-चार पाती स्क्रूवर सैल लटकलेली असतात. तबकडी फिरली की ती बाहेर फेकली जातात आणि गवताचं टोक छाटतात. दगड लागला तर पातं मागे दुमडतं, म्हणून मोडतोड कमी होते.

मोठ्या मोअरसारखं हे आठवड्यातून एकदा वीतभर गवत कापत नाही. रोज किंवा दिवसाआड फिरून तीन-चार मिलिमीटर टोक उडवतं. कापलेला भुगा इतका बारीक असतो की तो तिथेच मुळाशी पडतो, कुजतो आणि त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. गोळा करायचं काहीच नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की गवत एकदा हाताबाहेर गेलं, घोट्याच्या वर आलं, की याच्याकडून काही होत नाही. ते नुसतं गवत दाबत पुढे जातं. जंगल साफ करायला ब्रश कटर आणि राखायला रोबोट, एवढा फरक मनात पक्का ठेवा.

हा प्रकार फार नवा नाही. हस्कव्हार्ना या स्वीडिश कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारं असं मशीन बाजारात आणलं. स्वीडनमध्ये ३० अंशाला लोक कासावीस होतात. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ हा रोजचा आकडा असतो. तेव्हा पुस्तिकेतली प्रत्येक सूचना आपल्या उन्हाच्या हिशेबाने वाचायची.

पायरी १: टेप घ्या आणि मोजा

मशीनच्या खोक्यावर क्षमता चौरस मीटरमध्ये असते आणि आपला सगळा व्यवहार गुंठ्यात. सोपं आहे. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. खोक्यावर ३०० लिहिलं असेल तर ते ३ गुंठे समजा.

पण ३ गुंठ्यांना ३०० चं मशीन घेऊ नका. तो आकडा मशीन जवळजवळ दिवसभर कापतंय आणि चार्ज होतंय असं धरून दिलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते बाहेर काढायचंच नसतं आणि पावसाळ्यात निम्मे दिवस जमीन चिखलाची. वापरायचे तास निम्मे झाले म्हणजे क्षमता जवळपास दुप्पट हवी. ३ गुंठ्यांना मी ५०० ते ६०० चं सुचवीन.

मोजताना घर, ओटा, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, पाण्याची टाकी, वाफे हे सगळं वजा करा. आमचा प्लॉट मोठा वाटायचा, प्रत्यक्ष गवत निघालं ३ गुंठे. आणि दोन तुकड्यांना जोडणारी वाट मीटर-सव्वा मीटरपेक्षा अरुंद असेल तर मशीन तिथे गोंधळतं. पलीकडचा तुकडा मशीन उचलून नेऊन कापावा लागतो. म्हणजे ते रोबोट उरत नाही, कडेवरचं पोर होतं.

पायरी २: पाण्याचा हिशेब, मशीनच्या आधी

ही पायरी लोक गाळतात. भर उन्हाळ्यात आपल्याकडे गवत हिरवं ठेवायचं तर एका चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे गुंठ्याला ५०० ते ६०० लिटर. ३ गुंठ्यांना रोज दीड हजार लिटर. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येत असेल तर हा विचार सोडा. बोअर असली तरी एप्रिलमध्ये ती किती देते ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

आम्ही मधला मार्ग काढला. घरासमोरचा एक गुंठा उन्हाळाभर हिरवा ठेवतो, बाकीचे दोन सोडून देतो. ते पिवळे पडतात, भाकरीसारखे कोरडे होतात आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा उठतात. हे जमतं, कारण आमचं गवत हरळी आहे.

हरळी म्हणजे तीच, जिच्यामुळे शेतकरी बेजार असतो. केळीच्या बागेत ती एकदा शिरली की तिचे जमिनीखालचे कांडे वेचता वेचता पिढी जाते. तोच चिवटपणा अंगणात कामाला येतो. जगभरच्या मैदानांवर जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच आणि गणपतीची दूर्वाही हीच. नर्सरीवाला मेक्सिकन किंवा सिलेक्शन वनचे गालिचे दाखवील. मेक्सिकन गवत दिसायला मखमली असतं आणि हळू वाढतं. इतकं हळू वाढणारं गवत असेल तर मुळात रोज फिरणाऱ्या मशीनची गरजच कमी होते. नवीन लावत असाल आणि पाण्याची ओढ असेल, तर हरळीचा सुधारित प्रकार मागा.

पायरी ३: कोणत्या जातीचं मशीन

तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिल्यात गवताच्या कडेने वायर टाकतात. तिच्यातून अगदी कमी दाबाचा सिग्नल फिरतो आणि मशीन तो ओळखून वळतं. दुसऱ्यात वायर नाही. उपग्रहाचा सिग्नल आणि आपल्याकडे बसवलेला एक अँटेना यांच्या मदतीने ते काही सेंटिमीटरपर्यंत आपली जागा ओळखतं. याला आरटीके म्हणतात. तिसरा प्रकार कॅमेऱ्यावर किंवा लेझरवर चालतो. काही मशीनमध्ये यांची सरमिसळ असते.

आरटीकेला मोकळं आभाळ लागतं. गच्च निंबाखाली किंवा दोन मजली घराच्या भिंतीलगत त्याचा सिग्नल तुटतो. आपल्याकडे सावलीसाठी निंब नाही असं अंगण कुठे आहे? कॅमेऱ्यावाल्याची अडचण वेगळी. हिरवं ते गवत आणि बाकी ते नाही, असं बघत जाणारं मशीन असेल तर मार्चमध्ये गवत मातीच्या रंगाचं झाल्यावर ते गोंधळतं. शेताला लागून मोकळं दोन-चार गुंठे फार्महाऊस असेल तर आरटीके छान. गावातल्या प्लॉटला मला अजून वायरवालंच बरं वाटतं. स्वस्त पडतं आणि बिघाड आपल्याला सापडतो.

किमतीचं सांगायचं तर आमचं मशीन, वायर, खुंट्या आणि वाहतूक धरून लाखाच्या वर गेलं. माळीकाका एका कापणीचे ५०० रुपये घेत. वर्षाला तीसेक कापण्या, म्हणजे १५,००० रुपये. नुसत्या पैशात बघितलं तर सात वर्षं फिटायला लागतात आणि मधे एकदा बॅटरी बदलायचा खर्च येणारच. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कुणी हे घेऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये माळी मिळत नाही, सगळे निंदणी-खुरपणीला गेलेले असतात आणि नेमकं तेव्हाच गवत गुडघ्याला येतं. या अडचणीवर मी पैसे घातले. माळीकाका आजही येतात, कडा कापतात, गुलाबाची छाटणी करतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

जर्मनीतला भाचा बॅगेतून आणतो म्हणाला तर दोन गोष्टी तपासा. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून चार्जर चालतो. अमेरिकेतला चार्जर मात्र तपासल्याशिवाय लावू नका. दुसरं, विमानात १०० ते १६० वॅट-तासांच्या लिथियम बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि त्याहून मोठी नेताच येत नाही. आणि वॉरंटी तिकडेच राहते, ही तिसरी गोष्ट न सांगताही कळेल.

पायरी ४: चार्जिंगची जागा

मशीन स्वतः जाऊन जिथे चार्ज होतं तो डॉक कुठे बसवायचा, यावर सगळा उन्हाळा अवलंबून आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. हवा ४४ असली तर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या आत किती असेल याचा विचार करा. आमच्या मशीनने पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी चार्जिंग घ्यायचंच सोडलं. पडद्यावर तापमानाची सूचना आणि ते तिथेच ठिय्या देऊन बसलेलं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे एसीत ठेवा. आता गवत कापायच्या मशीनला कुणी एसी लावतं का!

डॉक घराच्या पूर्व किंवा उत्तर बाजूला, भिंतीच्या सावलीत घ्या. वर पत्रा टाकू नका, पत्रा तापून खाली भट्टी करतो. आम्ही बांबूचा छोटा मांडव केला आणि वर गवताचं छप्पर. डॉकच्या समोर दोन मीटर सरळ मोकळी जागा लागते, जमीन सपाट लागते आणि जवळ अर्थिंग असलेला प्लग लागतो. झाडाच्या अगदी बुंध्याशी नको. जूनमध्ये निंबोळ्यांचा चिकचिकाट डॉकच्या पत्तींवर बसला की चार्जिंग लागत नाही.

विजेचं बिल हा मुद्दाच नाही. आमचं महिन्याला दहा युनिटच्या आत असतं. लाईट गेली तरी फार बिघडत नाही. मशीन डॉकवर जाऊन थांबतं आणि वीज आली की पुन्हा चालू. पण वायरवाल्यात वीज गेली की वायरमधला सिग्नलही जातो, म्हणून ते मधेच उभं राहतं. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर ती सोडून टायमर लावा.

पायरी ५: वायर टाकणं, आणि माझी चूक

इथे जरा सविस्तर, कारण इथेच माझे पंधरा दिवस गेले.

वायर दोन प्रकारे टाकता येते. जमिनीवर ताणून प्लास्टिकच्या खुंट्या ठोकायच्या, किंवा चार-पाच सेंटिमीटर खोल पुरायची. पुरलेली वायर दिसत नाही, पायात येत नाही. मला अर्थातच ती आवडली. डिसेंबरमध्ये कंपाउंडच्या कडेने चर घेतला, वायर छान सरळ ताणून पुरली, वरून माती ओढली. मशीन झकास चाललं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते एकदम थांबलं. डॉकवरचा हिरवा दिवा निळा झाला, म्हणजे वायर तुटली. कुठे तुटली ते शोधायला गेले तर कंपाउंडलगत हाताची बोटं जातील एवढ्या भेगा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतातल्या भेगा आपण बघतो, पण अंगणातल्या कडेला पाणी पोचत नाही हे लक्षात येत नाही. मधल्या गवताला स्प्रिंकलर होता, कडेला नव्हता. माती दोन्ही बाजूंना ओढली गेली, मधली ताठ वायर तट्कन तुटली. एका जागी नाही, तीन जागी.

तुटलेली जागा शोधायची सोपी रीत अशी. डॉकपासून वायरची दोन्ही टोकं सोडवा. मल्टिमीटर, म्हणजे वायर तपासायचं छोटं यंत्र, बीप होणाऱ्या खुणेवर ठेवा. वायर साधारण निम्म्यावर उघडी करा आणि टोकापासून तिथपर्यंत बीप येते का बघा. येत असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्ध. पाच-सहा खेपांत दोन-तीन फुटांपर्यंत पोचता. जोडायला साधी इन्सुलेशन टेप वापरू नका, पहिल्याच पावसात आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडतं. जेल भरलेले जोड मिळतात, दाबले की जेल बाहेर येतं, तेच घ्या.

यातून जे शिकले ते असं. वायर कंपाउंडपासून ३० ते ३५ सेंटिमीटर आत घ्या. पुस्तिकेतही साधारण हेच अंतर असतं, पण आपल्याकडे त्याला दुसरंही कारण आहे, तिथपर्यंत पाणी पोचतं. वायरीलगत ठिबकची एक नळी टाका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. ठिबकच्या गावात राहून मला हे आधी सुचलं नाही याची लाजच वाटली. वायर ताणू नका, दर आठ-दहा फुटांवर हातभर सैल वळण ठेवा. आणि पहिलं वर्ष ती पुरूच नका. खुंट्यांनी जमिनीवर ठेवा, महिन्या-दीड महिन्यात हरळी तिला झाकून टाकते. वायर कुठे चुकली, कुठे आत घ्यायला हवी, हे तेवढ्या काळात कळतं. हे काम ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा जमिनीत ओल असते आणि खुंट्या हाताने आत जातात. मार्चमध्ये त्याच खुंट्या हातोडीने मोडतात.

झाड किंवा वाफा वगळायचा असेल तर वायर कडेकडून त्याच्याकडे न्या, भोवती फिरवा आणि आलेल्याच वाटेने, पहिल्या वायरीला चिकटवून परत आणा. शेजारी शेजारी उलट्या दिशेने जाणाऱ्या दोन वायरींचा सिग्नल एकमेकांना मारतो, म्हणून मशीनला ती वाट दिसत नाही आणि ते वरून निघून जातं. बेटाभोवती मात्र एकच वायर असल्याने तिथून ते परत फिरतं. कोणत्या दिशेने फिरवायची ते पुस्तिकेत बघा, उलटं झालं तर सगळं उलटं होतं.

आमच्याकडे असं एक बेट मुद्दाम ठेवलं आहे, खाटेएवढं. मशीन आल्यानंतरच्या पहिल्या हरतालिकेला सासूबाई परडी घेऊन अंगणात गेल्या आणि रिकाम्या हाताने आल्या. सगळं अंगण हिरवं, पण एकवीस दूर्वांची एक जुडी निघेना. चार सेंटिमीटरवर रोज कापलेल्या हरळीला तीन पानांचा शेंडा यायला सवडच मिळत नाही. दूर्वा शेवटी बाजारातून विकत आणल्या. दुसऱ्या दिवशी या बेटासाठी वायर वळवायला मी मल्टिमीटर घेऊन बसले होते.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस

आधी माळीकाकांकडून ब्रश कटरने किंवा हातमशीनने गवत खाली आणून घ्या. खडे, खिळे, तारेचे तुकडे, बांधकामाची खडी वेचा. नव्या घराच्या अंगणात हे हमखास असतं.

मग मशीनची उंची सर्वांत वर ठेवा, बहुतेकांत ती ६ सेंटिमीटरच्या आसपास असते. दर चार दिवसांनी थोडी थोडी खाली आणा. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, हा जुना माळ्यांचा नियम रोबोटलाही लागू आहे. पावसाळ्यात साडेतीन-चार सेंटिमीटर बरी. उन्हाळ्यात पाचच्या खाली आणू नका. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरतं आणि पाणी कमी उडतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे वेडं झालंय. वायरवालं मशीन सरळ रेषेत जात नाही. कडेला जातं, वळतं, तिरकं निघतं, परत वळतं. काही जागा पहिल्या दिवशी सुटतात. दहाव्या दिवशी अंगण सारखं दिसतं. माझा नवरा पहिल्या संध्याकाळी खुर्ची टाकून दीड तास त्याला "तिकडे राहिलं, तिकडे!" सांगत होता.

कडेचं वीतभर गवत कापलं जाणार नाही. ते कात्रीने किंवा ट्रिमरने पंधरा दिवसांनी काढावं लागतं. ज्यांना ‘माळी कायमचा बंद’ असं सांगून मशीन विकलं गेलं, त्यांची इथे निराशा होते.

वेळापत्रक आपल्या ऋतूंप्रमाणे

पावसाळ्यात जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत रोज, पण दुपारी, दोन सरींच्या मधे. ओल्या काळ्या मातीत चाकांना चिखलाचे बूट चढतात, मग ते जागच्या जागी गरगर फिरून खड्डा पाडतं. पुस्तिकेत ३५ टक्के चढावर चालतं लिहिलेलं असतं, ते कोरड्या गवतावर. सलग झड लागली तर तीन दिवस बंद ठेवा, गवत बोटभर वाढलं तरी चालेल. हिवाळ्यात सकाळी दव असतं, म्हणून अकरानंतर, आणि दोन-तीन दिवसांआड पुरे. थंडीत हरळीची वाढ मंदावते. फेब्रुवारी ते एप्रिल सकाळी सहा ते साडेआठ.

रात्री चालवू नका. आवाज फार नसतो, ६० डेसिबलच्या आसपास, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही. पण पावसाळ्यात रात्री अंगणात बेडूक असतात, बेडकांमागे साप असतात. युरोपात रात्री चालणाऱ्या मशीनांमुळे साळूसारखे छोटे हेजहॉग जखमी होतात म्हणून बरीच ओरड झाली आहे. आपल्याकडे जास्त काळजी आपली करायची. अकरा वाजता ते निंबाखाली अडकून पीं पीं करायला लागलं की चप्पल घालून अंधारात तुम्हीच जाणार, आणि घोणस तेव्हाच फिरते.

लहान मुलं आणि कुत्री असताना मशीन बंद, यात तडजोड नाही. उचललं किंवा कलंडलं की पाती थांबतात, धडकलं की वळतं, हे सगळं खरं. तरी रांगतं मूल गवतावर बसलं असेल तर त्याचा हात तबकडीपासून किती दूर आहे हे मशीनला कळत नाही. उन्हाळ्यात आणखी एक सांभाळा. आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला प्लास्टिकचा कागद गवतावरच पसरला होता. मशीन कडेकडून आलं, कागदाच्या घडीखाली शिरलं आणि बिबड्यांसकट हातभर कागद पोटात घेऊन थांबलं. तबकडीच्या आसाला गुंडाळलेला तो कागद चिमट्याने काढायला तासभर लागला. सासूबाई आजही त्याला ‘ते मेलं’ म्हणतात.

देखभाल, थोडक्यात

पावसाळ्यात दर आठवड्याला स्विच बंद करून, हातमोजे घालून मशीन उलटं करा. चाकांतला आणि तबकडीभोवतीचा चिखल लाकडी काडीने आणि ब्रशने काढा. पाइपने पाणी मारायच्या आधी मागचं लेबल वाचा. आयपीएक्स५ असेल तर पाण्याचा झोत चालतो, आयपीएक्स४ असेल तर फक्त शिंतोडे.

पाती महिन्या-दीड महिन्यात बोथट होतात. गवताची टोकं स्वच्छ कापलेली न दिसता फाटल्यासारखी, पांढरट दिसली की बदला. सगळी एकदम बदला, एकच बदललं तर तबकडीचा तोल जातो आणि मशीन थरथरतं. आमच्या मातीत बारीक खडी आहे, म्हणून आम्हाला जरा लवकर लागतात. खरेदी करतानाच दोन-तीन संच जास्तीचे घेऊन ठेवा, इथे दुकानात सहज मिळत नाहीत.

घूस आणि कुत्रं हे वायरीचे दोन वैरी. घुशीचं बीळ दिसलं की त्या भागातली वायर जुन्या प्लास्टिकच्या नळीतून ओवून घ्या. चोरीसाठी मशीनला पिन असते, ती आल्याच दिवशी बदला.

वळवाचा पाऊस गडगडायला लागला की डॉकचा प्लग काढा आणि वायरीची दोन्ही टोकंही सोडवा. हे विसरू नका. अंगणभर पसरलेलं वायरीचं वेटोळं जवळ पडलेल्या विजेचा झटका ओढून घेतं आणि डॉकमधलं सर्किट जळतं. आमच्या ओळखीत भुसावळला एकाचं असंच गेलं, मशीन शाबूत आणि डॉक कोळसा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आम्ही मशीन घरात घेतो. बॅटरी अर्धी भरलेली ठेवायची, पूर्ण नाही आणि रिकामीही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नको, कोठीच्या खोलीत फरशीवर, सुती चादर टाकून. मधे एकदा चार्ज बघायचा. मृग लागून दोन चांगले पाऊस झाले आणि पिवळ्या अंगणात हिरवे ठिपके दिसायला लागले, की आधी मल्टिमीटरने वायर तपासायची, मग माळीकाकांकडून एक कापणी. आणि ज्या दिवशी माती बुटाला चिकटत नाही, त्या दिवशी दुपारी मशीन बाहेर.